माझ्या वडिलांची ‘स्पेशल फोर्स’
एका चिंडिट सैनिकाच्या नोंदींचा शोध

आपल्या बेने इस्राएल समाजाचे आणि लष्कराचे नाते फार जुने आहे. मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग सन १७९६ मध्ये उभे राहिले ते सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी, यांच्यामुळे. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते, ही हकिगत आपण सर्वांनी लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्या कितीतरी घरांतून जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर झाले. त्यांची नावे आपल्या जुन्या पुस्तकांत छापलेली आहेत.

मात्र दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांबद्दल फार थोडे लिहिले गेले. पंचवीस लाखांच्या हिंदी फौजेत ती विखुरलेली होती. कोणी कारकून, कोणी वायरलेसवर, कोणी इस्पितळात. युद्ध संपले तशी ती परत आली, वर्दी ट्रंकेत ठेवली, गिरणीत, रेल्वेत, पोस्टात कामाला लागली आणि नंतर आलिया करून या देशात आली. माझे दिवंगत वडील त्यांतलेच एक. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या युद्धकाळातील नोकरीचा मी घेतलेला शोध आपणापुढे ठेवीत आहे. माझ्या घरची गोष्ट म्हणून तर तो वाचावाच, पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असाच एखादा बंद डबा असेल म्हणूनही वाचावा, अशी विनंती.

वडिलांचा जन्म १९१९ साली कुलाबा जिल्ह्यात झाला. शिक्षणासाठी मुंबईस आले, एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली शिकले आणि १९४१ साली इंडियन हॉस्पिटल कोअरमध्ये नर्सिंग ऑर्डर्ली म्हणून भरती झाले. ३ एप्रिल १९४३ रोजी ही कोअर आणि इतर वैद्यकीय खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली. त्यामुळे त्यांच्या कागदांवर दोन कोअरची नावे आहेत. १९४६ मध्ये हवालदार म्हणून ते सुटले. १९७२ साली आम्ही सर्वजण इस्राएलला आलो आणि १९८१ साली ते आम्हांस सोडून गेले.

घरात सर्वांची समजूत अशी की बाबा युद्धात आसामच्या इस्पितळात होते, म्हणजे सुखरूप जागी होते. स्वतः ते काही बोलत नसत. आम्हा भावंडांना लहानपणी ते दोनच गोष्टी सांगत. एक अशी की आपण एकदा बदकासारख्या पाण्यावर बसणाऱ्या विमानात बसलो होतो. दुसरी अशी की रानात असताना आपण हॅमचा डबा देऊन त्याच्या बदली चीजचा डबा घेत असू आणि त्या व्यापारात कोणालाच तोटा होत नसे. विमानाची गोष्ट आम्ही परीकथेत जमा केली होती.

येथे आल्यावर मात्र एक प्रसंग घडला. कामावर कोणीतरी ऑर्ड विंगेटचा विषय काढला. वडील सहज म्हणाले, “मी त्यांच्या फौजेत होतो.” ऐकणारे हसले. हिंदुस्थानातून आलेला हा शांत माणूस विंगेटच्या फौजेत? वडिलांनी वाद घातला नाही आणि पुन्हा तो विषयही काढला नाही. आईने ही गोष्ट मला त्यांच्या पश्चात सांगितली. निवृत्त झाल्यावर मी ट्रंक उघडली ती यासाठीच.

तरुण वाचकांसाठी विंगेट कोण हे थोडक्यात सांगते. ऑर्ड चार्ल्स विंगेट यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ रोजी नैनितालला झाला. घराणे कट्टर ख्रिस्ती, बायबल मुखोद्गत. १९३६ साली ते ब्रिटिश लष्करातर्फे पॅलेस्टाइनमध्ये आले आणि १९३८ मध्ये त्यांनी एन हरोद येथे ब्रिटिश सैनिक व ज्यू तरुण यांची रात्री लढणारी पथके उभारली. शास्ते या पुस्तकात गिदोनाने तीनशे माणसे निवडली ती याच हरोदच्या झऱ्यापाशी. मोशे दायान आणि यिगाल आलोन हे त्या पथकांत शिकले. येथे त्यांना ‘हयेदीद’, म्हणजे मित्र, म्हणतात. त्यांच्या पथकांनी अरब खेड्यांत ज्या कडक पद्धती वापरल्या त्यांवर इतिहासकारांनी टीकाही केली आहे. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना येथून परत बोलावले. पुढे इथिओपियात त्यांनी उभारलेल्या फौजेचे नावच ‘गिदोन फोर्स’ होते. नेतान्याजवळची १९५७ साली स्थापन झालेली विंगेट इन्स्टिट्यूट आणि अनेक शहरांतील विंगेट रस्ते त्यांच्याच नावाचे.

हेच विंगेट १९४२ मध्ये हिंदुस्थानात आले. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला होता. शत्रूच्या पिछाडीस खोल जंगलात शिरायचे, रेल्वे व पूल उडवायचे आणि रसद विमानातून टाकून घ्यायची, अशी त्यांची योजना होती. ब्रह्मी देवळांच्या दाराशी सिंहासारखा ‘चिंथे’ बसलेला असतो. त्यावरून या सैनिकांना ‘चिंडिट’ हे नाव पडले. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ३,००० माणसे चिंद्विन नदी ओलांडून गेली. परत आली २,१८२ आणि त्यांतली सुमारे ६०० पुन्हा लढण्याच्या लायकीची राहिली नाहीत. त्या मोहिमेत चालू न शकणाऱ्या जखमींना वाटेतच ठेवून पुढे जावे लागे, कारण त्यांना बाहेर नेण्याचे साधन नव्हते.

दुसरी मोहीम १९४४ ची. तिच्यासाठी उभारलेल्या फौजेला कागदोपत्री ‘थर्ड इंडियन इन्फन्ट्री डिव्हिजन’ असे फसवे नाव दिले होते. खरे नाव होते ‘स्पेशल फोर्स’.

आता ट्रंकेकडे वळते. तिच्यात डिस्चार्जचे कागद, चार पदके आणि गुरखा शिपायांबरोबर काढलेला एक फोटो होता. पदकांत १९३९-४५ स्टार आणि बर्मा स्टार होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या युद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेली ही पदके कोरी असत, पण हिंदी फौजेच्या पदकांवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. स्टारच्या मागच्या बाजूस भिंग धरून पाहिल्यावर मला वडिलांचा नंबर मिळाला. डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर वाळवीने खाल्ला होता, तो असा भरून निघाला. त्याच कागदावर १९४४ च्या रकान्यात एक शिक्का होता. त्यातली अक्षरे होती ‘स्पेशल फोर्स’.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे कोकणातल्या गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव, बायबलमधले नाव आणि घरात हाक मारायचे मराठी वळणाचे नाव असा तिहेरी प्रकार. भरतीच्या कारकुनाने वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव एवढेच लिहिले आणि आजोबांचे नावच आडनाव होऊन बसले. म्हणून ‘कर’ लावून शोधले तर आपला माणूस सापडत नाही. पदकावरचे नाव जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने, पत्रात लिहावे लागते.

हिंदी फौजेतील शिपायांचे सेवापट ब्रिटनला गेले नाहीत, ते ज्या त्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात राहिले. आर्मी मेडिकल कोअरचे रेकॉर्ड ऑफिस लखनौला आहे. मी नंबर, नाव, भरतीचे साल आणि वारस असल्याचे कागद जोडून तेथे अर्ज केला. वर्षभराने सेवापटाचा उतारा आला. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. जानेवारी १९४४ पासून १११ व्या ब्रिगेडच्या वैद्यकीय तुकडीत. जून १९४४ मध्ये आसामातील इस्पितळात दाखल, रोग टायफस. सप्टेंबर १९४४ मध्ये घरी रजा.

म्हणजे बाबा आसामच्या इस्पितळात होते ही घरातली समजूत खरीच होती. फक्त ते तेथे शुश्रूषा करायला नव्हे, रुग्ण म्हणून गेले होते.

१११ ब्रिगेडने काय केले हे समजण्यासाठी लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमधील युद्ध-डायऱ्या पाहाव्या लागतात. आग्नेय आशियातील तुकड्यांच्या डायऱ्या तेथे डब्ल्यू. ओ. १७२ या मालिकेत आहेत. माझ्या भाचीने तेथे बसून पानांचे फोटो काढले आणि आम्ही ते घरी वाचले. या डायऱ्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे येतात. हिंदी शिपाई आले की नुसता आकडा आणि पुढे ‘आय. ओ. आर.’ अशी तीन अक्षरे. त्यांचा अर्थ इंडियन अदर रँक्स. माझे वडील त्या आकड्यांत आहेत.

मोहिमेची हकिगत अशी. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामच्या बाजूने ग्लायडर निघाले आणि जपानी पिछाडीस ब्रह्मदेशातील एका माळावर उतरले. त्या जागेचे सांकेतिक नाव ‘ब्रॉडवे’. ‘पिकॅडिली’ नावाच्या दुसऱ्या जागी झाडांचे ओंडके आडवे पडलेले विमानातून काढलेल्या फोटोत दिसले, म्हणून ती ऐन वेळी रद्द झाली. तिसरीचे नाव कलकत्त्याच्या रस्त्यावरून ‘चौरंगी’. आठवडाभरात सुमारे ९,००० माणसे आणि हजाराहून अधिक खेचरे व घोडी शत्रूच्या मागे उतरली. खेचरांनी ओरडून जागा दाखवू नये म्हणून त्यांचे आवाज शस्त्रक्रियेने बंद केलेले होते. १६ वी ब्रिगेड मात्र लेडोहून पायी चालत गेली. २४ मार्च रोजी विंगेट यांचे विमान मणिपूरच्या डोंगरात कोसळून ते मरण पावले, पण मोहीम चालूच राहिली.

वैद्यकीय दृष्टीने १९४३ आणि १९४४ यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. आता अमेरिकेच्या फर्स्ट एअर कमांडोची हलकी विमाने जंगलातल्या छोट्या पट्टीवर उतरून एक-दोन जखमींना उचलत आणि मोठ्या पट्टीवर आणीत. तेथून डकोटा विमाने त्यांना आसामात नेत. युद्धात हेलिकॉप्टरने जखमी उचलण्याचा पहिला प्रयोगही याच मोहिमेत, एप्रिल १९४४ मध्ये झाला. मात्र हे सर्व विमान उतरू शकेल तोपर्यंतच.

मे महिन्यात १११ ब्रिगेडने होपिनजवळ रेल्वेमार्गाच्या बाजूस ‘ब्लॅकपूल’ नावाचा तळ ठोकला. त्या वेळी ब्रिगेड जॉन मास्टर्स यांच्या हाताखाली होती. पावसाळा सुरू झाला, ढग खाली आले, जपान्यांनी तोफा आणल्या आणि धावपट्टी हातची गेली. जखमी आत अडकले. डेस्मंड व्हाइट हे ब्रिगेडचे प्रमुख डॉक्टर होते. त्यांच्या लोकांनी चिखलात, तोफांच्या माऱ्यात शुश्रूषा चालू ठेवली. २५ मे १९४४ रोजी तळ सोडावा लागला. ज्यांना उचलता येत होते त्यांना खांद्यावर घेऊन ब्रिगेड डोंगर चढू लागली. जगण्याची आशा नसलेले, हलवताही न येणारे एकोणीस जखमी होते. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना आपल्याच लोकांनी गोळी घातली. हे मास्टर्स यांनी १९६१ साली ‘द रोड पास्ट मंडाले’ या आत्मचरित्रात स्वतःच उघडपणे लिहिले.

ते पान वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि काही दिवस उघडले नाही. मला १९७८ सालची एक गोष्ट आठवली. मी नर्सिंगला जायचे ठरवले तेव्हा वडील प्रथम राजी नव्हते. नंतर एका शब्बाथच्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवले आणि एकच प्रश्न विचारला, “रुग्णाला सोडून जा असे सांगितले तर काय करशील?” मी म्हणाले, “बाबा, इस्पितळात असे कोण सांगणार?” त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि अर्जावर सही केली.

पुढे पस्तीस वर्षे मी वॉर्डात काम केले. तीन युद्धांचे जखमी पाहिले. सोडून जा असे मला खरोखरच कोणी सांगितले नाही. त्यांचा प्रश्न कुठून आला होता हे तारखा जुळवल्यावर कळले. त्या दिवसांत त्यांची तुकडी तेथे होती. याहून अधिक मी लिहिणार नाही. जे त्यांनी आईलाही सांगितले नाही ते मी अंदाजाने भरणे बरे नव्हे.

डोंगरापलीकडे इंडॉजी नावाचे मोठे सरोवर आहे. जखमी व आजारी तेथे पोहोचवण्यात आले. रस्ता नव्हता, धावपट्टी चिखलात गेली होती. तेव्हा ब्रह्मपुत्रेवरून सुंदरलँड जातीची समुद्री विमाने आणली गेली. ती सरोवराच्या पाण्यावर उतरत आणि रुग्ण भरून परत जात. जून महिन्यात अशा फेऱ्यांनी सुमारे पाचशे माणसे आसामात पोहोचली. वडिलांची इस्पितळातली नोंद त्याच महिन्यातली आहे. आमची परीकथा अशी इतिहासात निघाली.

येथे परिचारिका म्हणून दोन शब्द. ब्रह्मदेशातला स्क्रब टायफस हा बारीक किड्याच्या चाव्याने होतो. १९४४ मध्ये त्यावर गुणकारी औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल त्यावर लागू पडते हे १९४८ मध्ये सिद्ध झाले. तोपर्यंत ताप उतरवणे, पाणी पाजणे, अंग पुसणे, कूस बदलणे हाच उपचार. म्हणजे रुग्ण वाचला तर तो शुश्रूषेवर वाचे. माझे वडील कोणा अनोळखी परिचारिकेच्या किंवा ऑर्डर्लीच्या हातून वाचले आणि म्हणून आम्ही आहोत.

खाण्याचेही तसेच. चिंडिटांना अमेरिकन ‘के-रेशन’ मिळे. ते थोड्या दिवसांच्या लढाईसाठी बनवलेले होते, यांनी ते महिनोन्महिने खाल्ले. त्यात सकाळच्या पाकिटात हॅम आणि अंडी, रात्रीच्या पाकिटात डुकराचे मांस आणि दुपारच्या पाकिटात चीज असे. आपल्या माणसाने चीजसाठी व्यापार का केला हे वाचकांना सांगायला नको.

माझी आत्या सांगत असे की भाऊ रजेवर आला तेव्हा हळदीसारखा पिवळा दिसत होता. आजीने कावीळ समजून पथ्यपाणी केले, तेल-तिखट बंद केले, तरी रंग उतरेना. ती कावीळ नव्हती. हिवतापावर सैनिकांना रोज मेपॅक्रिनची गोळी घ्यावी लागे आणि तिने कातडी पिवळी होते. गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांनी रंग जातो. आजीला वाटले आपल्या औषधाने गुण आला!

वडील ज्या ब्रिगेडमधून आजारी होऊन गेले तिची जुलै १९४४ मध्ये वैद्यकीय तपासणी झाली. सुमारे २,२०० माणसांतून फक्त ११८ जण धडधाकट ठरले. शेवटचे चिंडिट ऑगस्ट १९४४ अखेर बाहेर आले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये फौज बरखास्त झाली. एवढ्या हानीच्या मानाने मोहिमेने काय साधले यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. तो निवाडा मी करणार नाही. लंडनमध्ये टेम्स नदीकाठी १९९० साली चिंडिट स्मारक उभारले गेले आणि त्यावर तो चिंथे बसलेला आहे. ज्यांच्या कबरी नाहीत अशा सुमारे २७,००० जणांची नावे रंगूनजवळ ताउक्यान येथील स्मारकावर कोरली आहेत. त्यांत हिंदी नावे फार आहेत.

ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पदके घासून चकचकीत करू नका, अक्षरे पुसली जातात. कडा आणि मागची बाजू भिंगाने पाहा. नंबर, हुद्दा आणि नाव जसेच्या तसे उतरून घ्या. ‘कर’ नाव सोडून वडील-आजोबांच्या नावाने शोधा. पलटण कळली की तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. वैद्यकीय खात्यासाठी लखनौ, मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव. तुकडी आणि तारीख कळली की क्यूच्या डायऱ्या उपयोगी पडतात. युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, कितीही अशक्य वाटल्या तरी, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पाण्यावर बसणारे विमान आम्ही लिहून ठेवले नसते तर इंडॉजीच्या सरोवराशी ते जुळलेच नसते.

वडिलांच्या सेवापटाची प्रत, पदकांचे फोटो आणि डायरीची पाने एका फाइलीत लावून मी ती सिनेगॉगच्या समितीकडे दिली आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी त्यांच्या प्रती तेथेच आणून द्याव्यात. आपली मुले हिब्रूत वाचतात, नातवंडांना मराठी फक्त कानाने कळते. पुढच्या वर्षी त्या फाइलींवरून नावांची एक यादी दोन्ही भाषांत करावी असा समितीचा विचार आहे. त्या यादीत प्रत्येकाचे पूर्ण नाव, गावाचे ‘कर’ नावासकट, लिहिले जावे, एवढीच माझी इच्छा आहे.